बांधीतली मेंदी

आमच्या घरासमोरच्या मेंदीच्या कुंपणावर काहीतरी पांढरं पडलंय, हे मला चैत्रात पहिल्यांदा दिसलं. लांबून पाहिलं तर कुणी कणीक चाळताना सांडावी तसं. जवळ जाऊन बोट लावलं तर ते चिकट निघालं आणि हललं. पुस्तकांत या किडीला पिठ्या ढेकूण म्हणतात. मी महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते, त्यामुळे कुठल्याही संकटाचं नाव मला लवकर सापडतं. उपाय सापडायला वेळ लागतो.

ढेकणांच्या मागोमाग मुंगळे होते, पानांवर चुलीतल्या काजळीसारखा काळा थर होता, आणि फाटकापासून विहिरीपर्यंतची सगळी झाडं पिवळी पडायला लागली होती. झाडांच्या बुडाशी मात्र पाणी तुडुंब होतं. ते बाबांचं काम.

आई माघात गेली. साकोलीहून आम्ही तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. पुस्तकांतली माणसं जाताना एखादं वाक्य बोलून जातात, जे पुढे लोकांना भिंतीवर लावता येतं. आईनं तसं काही केलं नाही. तांदळाच्या डब्याचं झाकण नीट बसत नाही, उंदीर जातो, असं ती मला म्हणाली. मग बाबांकडे वळून, थोडं वैतागूनच, "अन् मेंदीले पाणी देजा," म्हणाली. बाबांनी मान हलवली. त्यानंतर ती बोलली नाही.

साऱ्या संसारात तिनं बाबांना कुंपणाचं काम सांगितल्याचं मला आठवत नाही. घरची झाडं तिची, शेतातलं धान बाबांचं, अशी वाटणी होती आणि ती कुणी कधी बोलून केलेली नव्हती. तुळशीला पाणी घालायलाही ती त्यांना सांगत नसे. म्हणायची, "तुमी पाणी नाई देत, तुमी पूर आणता."

खरं म्हणजे ती मेंदी लावली होती बाबांसाठीच. आमचं शेत सानगडीकडे. रोवणीच्या दिवसांत माणूस सकाळपासून चिखलात उभा असतो. मग पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, सोलतात, रात्री आग होते. त्याला आम्ही चिखल्या म्हणतो. आई मेंदीचा पाला पाट्यावर वाटून बाबांच्या बोटांमध्ये भरायची आणि वर जुन्या धोतराची पट्टी बांधायची. सकाळी बाबांचे पाय नवरीसारखे लाल. बांधावर रोवणीच्या बाया त्यांना विचारायच्या, "काहो, काल हळद होती का?" बाबा लाजायचे, पण रात्री पुन्हा पाय पुढे करून बसायचे. दरवर्षी पाला कुणाच्या तरी दारी मागायचा, याचा आईला कंटाळा आला, तेव्हा तिनं साकोलीच्या घराला कुंपण म्हणून मेंदीच लावली. लोक काटेरी तार लावतात. आमच्या घराची सीमा औषधाची होती.

तिच्या दुखण्यात शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दिलं होतं. ते आता परत घ्यायचं बाबांच्या मनात नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फावडं घेऊन कुंपणापाशी गेले. मला वाटलं, गवत काढतील. दुपारपर्यंत त्यांनी कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी मातीचा बांध घातला होता. पायानं दाबून, फावड्याच्या पाठीनं थापटून, वर हात फिरवून गुळगुळीत केलेला. ज्यांनी धानाची बांधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : चारी बाजूंनी बांध घालून ज्या तुकड्यात पाणी तुंबवतात आणि धान रोवतात, ती बांधी. बाबांनी मेंदीची बांधी केली होती. मग विहिरीवरची मोटार लावली, पाईप सोडला, आणि बांधी काठोकाठ भरेपर्यंत तिथंच उभे राहिले, अनवाणी.

"झालं," म्हणाले. "आता फिकर नाई."

बाबांच्या हिशेबी झाडाला पाणी देणं म्हणजे झाड पाण्यात उभं करणं. जन्मभर त्यांनी एकच पीक पाहिलं आणि ते पीक पाण्यात उभं राहून खूश असतं. मला त्या वेळी तो बांध बघून बरं वाटलं होतं. पंधरा दिवस न बोललेला माणूस थापटलेल्या मातीकडे बघून दोन शब्द बोलला होता. रोज सकाळी ते बांध तपासायचे, पाणी भरायचे, मग चहा घ्यायचे. चहा आधी देऊ केला तर घेत नसत.

किडीवर औषध आणायला मी कृषी केंद्रात गेले. दुकानदारानं विचारलं, पीक कोणतं. मी म्हटलं, मेंदी. तो म्हणाला, किती एकर. मी म्हटलं, फाटकापासून विहिरीपर्यंत. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि तुडतुड्यावरचं काहीतरी पुढे केलं. आमच्याकडे सगळी कीड धानाच्याच किडीच्या मापानं मोजली जाते. मी ते परत ठेवून निंबोळीचं तेल घेतलं. घरी साबणाच्या पाण्यात ते घुसळलं, जास्त किडलेल्या फांद्या कापून जाळल्या, आणि उरलेल्या एकेक फांदीला जुन्या टूथब्रशनं घासत बसले. बाबा बाजूला उभे राहून पाहायचे. एकदा म्हणाले, "तुह्या आईचे केस असे धुवायले पायजे होते कोणी." मी घासत राहिले.

या कामाला सार्वजनिक रूप दिलं आमच्या शेजारच्या साहेबांनी. साहेब निवृत्त आहेत. त्यांच्या फाटकावरच्या पाटीवर नावापेक्षा 'माजी' हा शब्द जास्त वेळा येतो. निवृत्तीनंतर त्यांनी निसर्ग हाती घेतला. दर पावसाळ्यात महामार्गाच्या कडेला त्यांचं मंडळ झाडं लावतं. खड्डा तोच असतो, रोप नवं असतं आणि फलक रोपाहून मोठा असतो. माझ्या हातात टूथब्रश पाहून ते कुंपणापलीकडे थांबले, म्हणाले, "ताई, हा उपक्रम एकट्यानं करण्याचा नाही." दुसऱ्या दिवशी ते मंडळाच्या चार लोकांना घेऊन आले. फवारणीच्या पंपाला हार घातला. नारळ फोडला. बाबांच्या हातात पंपाची नळी देऊन फोटो काढला. मग साहेबांनी प्रदूषणावर बोलायला सुरुवात केली आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत मुंगळ्यांनी प्रसादाचं खोबरं गाठलं होतं. संध्याकाळी तो फोटो गावभर फिरला. खाली लिहिलं होतं : मेंदी वाचवा, संस्कृती वाचवा. फोटोत बाबा फोटोवाल्याकडे बघत नव्हते. पायाखालचा बांध तुडवला गेला का, ते बघत होते.

कीड हटली. मेंदी मात्र सुधारेना. पिवळी पानं गळत होती, नवी येत नव्हती, आणि भर उन्हात, पाण्यात उभी राहून ती झाडं तहानेनं मेल्यासारखी माना टाकत होती. एका दुपारी बाबा झोपले असताना मी टोकाचं एक झुडूप हलवून पाहिलं. ते सहज वर आलं. मुळांवरची साल उकडलेल्या शेंगेच्या टरफलासारखी माझ्या बोटांत राहिली, आत काळं, आणि वास नालीचा. मेंदी कोरड्या मुरमाची बाई आहे. तिला पाण्यात उभं केलं की ती कुजते, आणि कुजायला लागलेल्या झाडावर कीड आपोआप येते. मी महिनाभर कीड घासत होते. दुखणं खाली होतं.

मी ते झुडूप परत मातीत खोचलं आणि बाजूची माती दाबली.

बाबांना सांगायचं काय? तुम्ही रोज सकाळी तिचा शब्द पाळता आहात आणि रोज सकाळी तिचं झाड मारता आहात? हे वाक्य मी मनात बऱ्याच प्रकारे लिहून पाहिलं. शब्द कितीही मऊ घेतले तरी ते वाक्य तेच राहत होतं. ज्या माणसाजवळ बायकोनं सांगितलेलं एकच काम उरलंय, त्याला ते काम वाईट झालं असं सांगणारी मी कोण. आणि न सांगावं तर आईनं लावलेलं सगळं जाणार होतं. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारायचं, अशी ती गोष्ट होती, आणि ती आमच्या अंगणात, चहाच्या आधी, रोज घडत होती.

शेवटी मी बांध फोडला. बाबा सकाळी पाणी भरून चहाला आत आले की मी फाटकाकडच्या टोकाला जाऊन खुरप्यानं एक भोक पाडायची. पाणी गुपचूप रस्त्याच्या नालीत जायचं. मग कामावर जायची. बाबांचं पाणी देऊन झालेलं असायचं, मेंदी कोरडी व्हायची, आणि मला वाटलं, सगळ्यांचंच भागलं.

पण ज्यानं जन्मभर बांधीतल्या पाण्याकडे पाहिलंय त्याला पाणी किती वेळात किती उतरतं हे सांगावं लागत नाही. दोन दिवसांत बाबांनी ते भोक शोधून काढलं. ओल्या मातीनं बुजवलं, अंगठ्यानं दाबलं, आणि संध्याकाळी मला फार दिवसांनी आपणहून हाक मारली.

"बाई, बांधीत खेकडा हाये."

धानाच्या शेतात खेकडे बांध पोखरतात आणि रात्रीतून बांधी रिकामी होते. बाबांनी आयुष्यात कितीतरी खेकडे बिळातून ओढून काढले होते. साकोलीत, डांबरी रस्त्याला लागून, मुरमावरच्या घरात खेकडा कुठून येणार, हे मी विचारलं नाही. ते साहेबांनी विचारलं. त्यांनी भौगोलिक कारणं दिली. बाबांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "साहेब, पाणी असलं का येतेच तो."

मग तो खेकडा आमच्या घरातला तिसरा माणूस झाला. मी सकाळी भोक पाडायची, बाबा संध्याकाळी बुजवायचे. मी जागा बदलली की ते म्हणायचे, हुशार हाये. एकदा मी कॉलेजच्या घाईत मोठंच भोक पाडलं, तर ते म्हणाले, मोठा झाला. जेवताना त्याच्याबद्दल बोलायचे. आई खेकड्याचा रस्सा कसा करायची, पायांची टोकं ठेचून फडक्यातून कशी गाळायची, आणि आपल्याला मधलं मांस काढून देऊन स्वतः नांग्या चोखत कशी बसायची. आई गेल्यापासून तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. मी ऐकत होते आणि सकाळी पुन्हा खुरपं घेत होते. फांद्यांना मात्र अजून काही फुटलं नव्हतं. थोडंसं भोक पाडून काही होत नव्हतं. पाणी निम्मं जायचं आणि बाबा दुप्पट भरायचे.

वैशाख संपता संपता मला दिसलं की बाबा टाचेवर चालताहेत. खुर्चीत बसवून पाय बघितले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या, सोललेल्या, एका ठिकाणी रक्त. ऐन उन्हाळ्यात, शेतात न जाता, बाबांना चिखल्या झाल्या होत्या. रोज सकाळी बांधीत अनवाणी उभं राहून. डॉक्टरांनी मलमाची नळी दिली. बाबांनी ती खिडकीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरातून आईचं पितळी गंज, म्हणजे पातेलं, घेऊन बाहेर गेले. पाला तोडायला. मी ओट्याशी होते, खिडकीतून दिसत होते. ते पहिल्या झुडपापाशी वाकले, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक फांदी हातात घेऊन बघत होते. कुंपणाच्या त्या टोकाला पोचले तेव्हाही गंज रिकामं होतं. मला वाटलं, परत येतील. ते खाली बसले. एक झुडूप बुडाशी धरलं आणि जरासं ओढलं. ते अलगद त्यांच्या हातात आलं. त्यांनी मुळं नाकाशी नेली.

धानाच्या माणसाला कुजलेलं मूळ ओळखायला पुस्तक लागत नाही. मी हात पुसत बाहेर गेले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"हे पाण्यानं सडलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी खाली बसले.

"तुले मालूम होतं?"

"हो."

ते बांधाकडे बघत होते. कालच बुजवलेली ओली जागा दिसत होती, त्यावर त्यांच्या अंगठ्याचा ठसा. "मंग तो खेकडा..." म्हणाले. मी म्हटलं, "मीच होते बाबा."

ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर मला काही करता आलं असतं, रडता आलं असतं, निदान उत्तर देता आलं असतं. त्यांनी ते झुडूप मांडीवर आडवं ठेवलं, मुळांवरची माती बोटांनी झाडली, आणि मला विचारलं, खरोखरच कळत नसल्यासारखं :

"मंग तिनं काहून सांगतलं मले?"

लोक नंतर मला म्हणाले की तिला मेंदीची काळजी नव्हतीच, तुमच्या बाबांना काहीतरी काम राहावं म्हणून ती तसं बोलली. साहेबांनी तर यावर एक छोटं भाषणच केलं. मला ते पटत नाही. आई तसली बाई नव्हती. तिला डब्याच्या झाकणाची काळजी होती आणि मेंदीची काळजी होती. आठ-पंधरा दिवसांनी बुडाशी तांब्याभर पाणी द्यायचं, एवढंच तिच्या मनात असणार. तांब्याभर, हे तिनं सांगितलं नाही, कारण ते तिला सांगण्यासारखं वाटलं नाही. एवढीच गोष्ट आहे. तिच्यात अर्थ असता तर सोसायला सोपी गेली असती.

मी बाबांना म्हटलं, "तिनं थोडं द्या म्हटलं असेल." ते म्हणाले, "थोडं नाई म्हटलं." आणि ते बरोबर होतं.

त्या दिवशी बाबांनी स्वतःच्या पायांनी बांध तुडवून सपाट केला. सोललेल्या बोटांनी. मी चपला आणून दिल्या, त्या त्यांनी बाजूला सरकवल्या. कुजलेली झाडं आम्ही दोघांनी उपटली, आणि हे काम लवकर झालं, कारण कुठलंच झाड धरून राहिलं नव्हतं. साहेब त्यांच्या फाटकातून बघत होते. मग ते आले, फावडं मागितलं, आणि मुळं होती ते खड्डे कोरड्या मातीनं भरू लागले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला नाही. त्याबद्दल मी त्यांना बरंच काही माफ केलं.

फाटकाजवळच्या टोकाला, जिथं मी भोक पाडत होते आणि जमीन जास्त मुरमाड होती, तीन-चार झुडपांची मुळं अजून पांढरी सापडली. ती आम्ही उपटली नाहीत. मी त्यांचं खोड वीतभर ठेवून वरचं सगळं कापलं, बुडाची ओली माती काढून मुरूम आणि राख घातली, आणि पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून रस्त्याकडे एक चर काढला, या वेळी उघडपणे. घराला आता कुंपण असं नव्हतं. गुरं अंगणातून आरपार जात. येणारे जाणारे विचारायचे, भिंत केव्हा बांधता. बाबा बाजारची मेंदी पायाला लावू देईनात. चिखल्या मलमानं बऱ्या झाल्या. बाबांचे पाय त्या वर्षी लाल झाले नाहीत.

पावसाळाभर ते कुंपणाकडे गेले नाहीत. खुर्ची फिरवून, रस्त्याकडे पाठ करून बसायचे. दिवाळीच्या सुमाराला पाऊस पूर्ण थांबला, तेव्हा मला खुंटांच्या बगलेत तांबूस डोळे दिसले. मग पानं झाली, बोटाच्या नखाएवढी, स्वच्छ, कीड नसलेली. मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विषय बदलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आज पाणी द्याचं हाये का?"

मी म्हटलं, नाही. माती अजून ओली आहे.

तेव्हापासून ते रोज विचारतात. मी बाहेर जाते, बुडाशी बोट खुपसते, आत येऊन सांगते, नाही. ते मान हलवतात, दवाखान्यात हलवली होती तशीच, आणि चहा घेतात. मला वाटतं, मी त्यांच्याकडून जे काढून घेतलं ते रोज थोडं थोडं पुन्हा काढून घेते आहे. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मागच्या आठवड्यात बोट कोरडं निघालं. मी आत येऊन म्हटलं, "आज द्या."

त्यांनी मोटारीच्या बटणाकडे न जाता आईचा तांब्या घेतला, विहिरीवर भरला, आणि फाटकाशी जाऊन खाली बसले. एका हाताची ओंजळ बुडाशी धरून तिच्यात पाणी सोडत होते, म्हणजे माती उकरू नये. आई तसंच करायची. त्यांनी ते कधी बघितलं होतं, मला माहीत नाही. एका झुडपाला घातलं, दुसऱ्याला घातलं. शेवटच्या झुडपाला थोडंसं घालून थांबले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "बस?"

"बस," मी म्हटलं.

माती पाणी पिऊन गेली. तांब्यात अजून बरंच उरलं होतं. ते कुठं टाकावं हे बाबांना समजेना. ते तांब्या दोन्ही हातांत धरून बसून राहिले.